पाठीवरच्या फिकट चट्ट्याला खाज येत नाही, मग डॉक्टरांना दाखवायची गरज आहे का?

हो, दाखवा. आणि या आठवड्यातच दाखवा.

मी चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून काम करतो. घरोघरी तपासणीला गेलं की हेच ऐकायला मिळतं, "खाजत नाही, दुखत नाही, मंग कायले दाखवू?" मेडिकलवाल्यानं तुम्हाला 'खाज नाही ना, मग घाबरू नका' म्हणून परत पाठवलं, हे वाचून वाईट वाटलं. कारण कुष्ठरोगाच्या चट्ट्याला सहसा खाज येतच नाही. त्याचे जंतू त्वचेतल्या नसांवरच हल्ला करतात. खाज जाणवायला नस शाबूत लागते, तीच निकामी झाली की ना खाज, ना दुखणं, ना चटका. एका काकूंच्या हाताला चुलीवरचं पातेलं उतरवताना फोड आला होता, तो त्यांना भाकरी थापताना दिसला. भाजल्याचं कळलंच नव्हतं.

तुमचा चट्टा कुष्ठरोगाचाच आहे असं मी म्हणत नाही. फिकट चट्टे बरेच असतात. शिबं असतील तर त्यावर बारीक कोंडा असतो आणि घाम आला की थोडी चुणचुण होते. कोड दुधासारखं पांढरंशुभ्र असतं, त्यालाही खाज नसते, पण स्पर्श व्यवस्थित कळतो.

हा स्पर्श आम्ही कसा बघतो ते सांगतो. माणसाला उजेडात बसवायचं. बॉलपेनचं टोक आधी चांगल्या कातडीवर हलकेच टेकवून दाखवायचं, मग डोळे मिटायला सांगायचे. जिथे टेकेल तिथे त्यानं बोट ठेवायचं. चांगल्या कातडीवर बोट बरोबर येतं. बधिर चट्ट्यावर टेकवलं की माणूस तसाच बसून राहतो, "आता कुठं लावला?" असं विचारतो. पेन ओढायचं नाही, नुसतं टेकवायचं. तुमचा चट्टा पाठीवर आहे, तेव्हा घरच्या कोणाकडून करून घ्या. चट्ट्यावर घाम येत नाही का, लव गळली आहे का, हेही त्यांना बघायला सांगा. मात्र स्पर्श कळला म्हणून निश्चिंत होऊ नका. कुष्ठरोगाच्या काही प्रकारांत सुरुवातीला संवेदना टिकून असते.

उलट ज्या आजारांत माणूस खाजवून रक्त काढतो, ते बहुतेक वेळा साध्या उपचारानं बरे होतात. खरूज घ्या. रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ येतं, आणि घरातले दोघे-तिघे खाजवत असतात. किडा अंगावर आल्यापासून पहिल्या वेळी खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि औषधानं किडे मेल्यावरही ती दोन-चार आठवडे राहू शकते. म्हणून औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज नसलेल्यांनीही, लावायचं असतं.

नायट्यात याच्या उलट फसवणूक होते. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइड मिसळलेल्या मलमानं खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते. पुढे जांघेतला नायटा कमरेपर्यंत गेलेला दिसतो, आणि मग गोळ्यांचा लांबलचक कोर्स करावा लागतो. तुम्हीही चट्ट्यावर असलं मलम लावू नका. खरं रूप झाकलं जातं आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते.

अंगावर काहीच दिसत नाही आणि तरी आठवडेच्या आठवडे खाज येते, तेव्हा यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड यांच्या रक्ततपासण्या करायला हव्यात. पित्तनलिकेत अडथळा असेल तर डोळे पिवळे व्हायच्या आधीही खाज सुरू होऊ शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, खाज येऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. त्या आजारात बाळाला धोका असतो आणि पुरळ नसल्यानं घरचे 'उष्णता झाली' म्हणून टाळतात.

तुम्ही जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जा, नाहीतर आशाताईंना सांगा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. कुष्ठरोग निघालाच तर प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्यायच्या. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत संसर्ग पसरायचा थांबतो, घर सोडायची, ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही. घरच्यांनाही तपासतात आणि खबरदारी म्हणून रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, त्याला नकार देऊ नका.

हाताची करंगळी बधिर वाटते का, चप्पल पायातून निसटून गेली तरी कळत नाही का, हे मात्र आजच बघा. तसं असेल तर आठवडाही थांबू नका, उद्याच जा. नस अधू व्हायला लागली असेल तर तिच्यासाठी लगेच वेगळं औषध द्यावं लागतं.