सिंहगडासाठी रोड बाईकला एमटीबीचं डिरेलर लावतोयस?

सिंहगडाच्या चढाला हलका गिअर हवा, हे पटलं. पण एमटीबीचं, म्हणजे माउंटन बाईकचं, डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) घेण्याआधी एक समजून घे. हँडलवरचा गिअर बदलायचा शिफ्टर दर क्लिकला ठरावीक केबल ओढतो आणि तेवढ्या केबलवर डिरेलर ठरावीक सरकतं. ही दोन मापं जुळली तरच चेन नेमक्या चक्रावर बसते. दोन्हींवर शिमानो कंपनीचं नाव लिहिलंय, एवढं पुरत नाही.

शिमानोचं ९ स्पीड (मागे ९ चक्रांचं) एमटीबी डिरेलर ९ स्पीडच्या रोड शिफ्टरवर छान चालतं. १० स्पीडपासून मात्र त्यांनी एमटीबीचं माप बदललं. मी नेमकं तेच घेतलं होतं. आठवडाभर केबलचा ताण बदलत बसलो, एक गिअर जुळला की दुसरा खडखडायचा. म्हणून दुकानदार कितीही ‘बसेल हो’ म्हणाला, तरी मॉडेल नंबर बघच. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या १० स्पीडमध्ये ही अडचण नाही, तिथे रोड आणि एमटीबीचं माप एकच आहे.

तुला मी लांब केजचं (चेनचा ढिलेपणा सांभाळणारा खालचा हात लांब असलेलं) ९ स्पीड डिरेलर आणि ११-३४ कॅसेट, म्हणजे ११ ते ३४ दात्यांच्या मागच्या चक्रांचा संच, सुचवेन. पुढे पेडलपाशी ३४ दात्यांची चेनरिंग (पुढचं चक्र) असेल तर एकास एक गिअर मिळतो, गोळेवाडीच्या नाक्यानंतर गुडघे दुवा देतील. चेन जुनीच ठेवू नकोस, आखूड पडेल. पुढचं डिरेलर रोडचंच राहू दे.

आणि ब्रेकही एमटीबीचे लावणार असशील, तर थांब! रोडचे लिव्हर केबल कमी ओढतात, त्यामुळे एमटीबीचे साधे व्ही-ब्रेक (रिमला दोन बाजूंनी दाबणाऱ्या लांब हातांचे) त्यांच्यावर नीट पकडत नाहीत. गड उतरताना ते फार महागात पडेल. रोड लिव्हरसाठी बनवलेले आखूड हातांचे मिनी व्ही-ब्रेक घे.