आधी खेळ, मग यंत्र

अरे, ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर घेऊन जुने गेम खेळायचेत म्हणतोस, पण लगेच पैसे ओतू नकोस. महिनाभर एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळून बघ. आवडलं तर मशीन शोध. स्पेक्ट्रम हा ब्रिटिश कॉम्प्युटर घेतलास तर बरं, पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं तो परवान्यावर बनवला होता, त्यामुळे आपल्याकडे अधूनमधून सापडतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नशीब काढ, पण बोटीवर नोकरी करून परदेशातून वस्तू आणणाऱ्यांच्या घरचे माळे जास्त फळतात.

१९८२चा कमोडोर ६४ हा दुसरा कॉम्प्युटर मिळाला तर त्याचा जुना ॲडाप्टर थेट लावायचा नाही! ॲडाप्टरमधला व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि रॅमच्या चिप जळतात. मी घाई केली, एक मशीन गेलं. आजही हळहळतो. नवा, खात्रीचा ॲडाप्टर घे. व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर तर हवाच.

दुसरा शत्रू आपला पावसाळा. या मशीनचे बरेच गेम कॅसेटवर असतात. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती टेपरेकॉर्डरमध्ये घालू नकोस, बुरशी फीत वाचणाऱ्या हेडला लागून बाकीच्या कॅसेटही नासतील. हवाबंद डबा, सिलिका जेल, बस्स. गेम लोड होत नसेल तर कॅसेटला दोष देण्याआधी हेडचा कोन बदलणारा स्क्रू किंचित फिरवून बघ, कॅसेटचा आवाज तीक्ष्ण झाला की थांब. निम्म्या 'मेलेल्या' कॅसेटी अशाच जिवंत होतात.