वाचकांचे प्रश्न : स्नायू आखडतो तेव्हा आत काय घडते?

प्रश्न : स्नायू आकुंचन पावतो म्हणजे त्यातले तंतू आखूड होतात, अशी माझी समजूत होती. परंतु तंतूंची लांबी मुळीच बदलत नाही, असे अलीकडे वाचनात आले. मग स्नायू आखडतो कसा, आणि यात ऊर्जा नेमकी कशावर खर्च होते?

उत्तर : तुमच्या वाचनात आले ते बरोबर आहे. हाडांना जोडलेल्या स्नायूची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर तिच्यावर गडद आणि फिकट असे आडवे पट्टे एकाआड एक दिसतात. स्नायू आखडू लागला की फिकट पट्टे अरुंद होत जातात, गडद पट्ट्यांची रुंदी मात्र जशीच्या तशी राहते. १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध लागोपाठ छापले गेले. पहिला अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा होता, तर दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा (आडनाव एक असले तरी या दोन हक्सलींचे नाते नव्हते). दोन्ही जोड्यांनी स्वतंत्रपणे काम करून या पट्ट्यांवरून एकच निष्कर्ष काढला होता, तो असा की, जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे तंतू स्वतः आखूड न होता एकमेकांमध्ये सरकतात. गडद पट्टा म्हणजे जाड तंतूंची लांबी, म्हणून तो बदलत नाही. फिकट पट्टा म्हणजे बारीक तंतूंचा अजून आत न शिरलेला भाग, म्हणून तो कमी होत जातो.

तंतूंच्या या मांडणीच्या एका घटकाला सार्कोमियर म्हणतात. त्याची लांबी सव्वादोन मायक्रोमीटरच्या आसपास असते. मध्यभागी मायोसिन या प्रथिनाचे सुमारे १.६ मायक्रोमीटर लांबीचे जाड तंतू असतात आणि दोन्ही टोकांकडून ॲक्टिनचे बारीक तंतू त्यांच्या मधल्या फटींत शिरलेले असतात. १० सेंटिमीटर लांबीच्या स्नायुपेशीत असे सुमारे ४५ हजार घटक एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे प्रत्येक घटक अवघा ०.२ मायक्रोमीटर आखडला, तरी सगळी पेशी ९ मिलिमीटरने आखडते.

सरकवण्याचे काम मायोसिनची डोकी करतात. प्रत्येक जाड तंतूवर अशी सुमारे ३०० डोकी बाहेर आलेली असतात. ऊर्जेचा प्रश्न इथेच येतो आणि इथेच बहुतेकांची समजूत उलटी असते. पकडायला आणि ओढायला एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागत असेल आणि सोडणे आपोआप होत असेल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात एटीपीचा रेणू डोक्याला येऊन चिकटतो, तेव्हा ॲक्टिनवरची पकड सुटते. सुटलेले डोके एटीपीचे विघटन करते, त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर आपली मान ताणून घेते आणि एडीपी व फॉस्फेट हे दोन्ही तुकडे जवळच ठेवून ॲक्टिनच्या पुढच्या जागी हलकेच टेकते. फॉस्फेट बाहेर पडू लागले की पकड घट्ट होते आणि मान वळते. या एका झटक्यात ॲक्टिनचा तंतू ५ ते १० नॅनोमीटर सरकतो. मग एडीपीही निघून जाते आणि डोके तिथेच अडकून राहते, ते पुढचा एटीपी येईपर्यंत. दोर ओढणाऱ्या सगळ्या गड्यांनी एकाच क्षणी हात सोडले तर दोर निसटून जाईल, तसे इथे होत नाही, कारण डोकी एका तालात काम करीत नाहीत. काही सुटलेली असताना काहींनी तंतू धरून ठेवलेला असतो.

एटीपी मिळेनासा झाला तर काय होते, हे मृत्यूनंतर काही तासांनी शरीराला येणाऱ्या ताठरपणात दिसते. तो जोर लावल्यामुळे आलेला ताठरपणा नसतो. असंख्य डोकी ॲक्टिनला धरून बसलेली असतात आणि त्यांना सोडवणारे काही उरलेले नसते. पुढे प्रथिनेच विघटित होऊ लागली की तो ओसरतो.

जिवंत स्नायूत एटीपी सदैव हजर असतो, तरीही तो सदैव आखडलेला नसतो, कारण ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा ट्रोपोमायोसिन या लांब प्रथिनाने झाकलेल्या असतात. ट्रोपोमायोसिनचा एकेक रेणू ॲक्टिनच्या सात रेणूंवर पसरलेला असतो आणि त्याच्यावर ट्रोपोनिन या दुसऱ्या प्रथिनाचा पहारा असतो. विश्रांतीच्या वेळी पेशीद्रवात कॅल्शियम अत्यल्प असते, लिटरमागे ०.१ मायक्रोमोलच्या आसपास. ते दहापट किंवा त्याहून अधिक वाढले की ट्रोपोनिनला चिकटते, ट्रोपोमायोसिन बाजूला सरकते आणि डोक्यांना वाट मोकळी होते. हे कॅल्शियम पुन्हा पेशीतल्या साठ्यात ओढून घेणाऱ्या पंपांनाही एटीपीच लागतो. म्हणजे शिथिल होणे ही स्नायूच्या दृष्टीने फुकटची विश्रांती मुळीच नव्हे.

प्रश्न : पोटरीत गोळा येतो, पण हृदयाला पेटका येऊन ते तसेच आवळलेले राहिले, असे होत नाही. दोन्हीकडे ॲक्टिन आणि मायोसिनच असतील, तर फरक कोठे आहे?

उत्तर : ओढणारी यंत्रणा जवळजवळ तीच आहे. फरक आहे तो कॅल्शियम कोणत्या वाटेने येते आणि आकुंचनाचा इशारा देणारा विद्युत स्पंद किती वेळ टिकतो यात.

दोन्ही स्नायूंत पेशीपटलाच्या बारीक नळ्या पेशीत खोलवर गेलेल्या असतात आणि विद्युत स्पंद त्यांतून आत पोहोचतो. हाडांच्या स्नायूत नळीच्या भिंतीतले एक प्रथिन हा स्पंद ओळखते आणि समोरच्या साठ्याचे दार थेट, यांत्रिक रीतीने उघडते. बाहेरच्या कॅल्शियमची त्यासाठी गरज नसते, म्हणून असा स्नायू कॅल्शियमरहित द्रवात ठेवला तरी काही काळ आकुंचन पावत राहतो. हृदयाच्या पेशीत मात्र आधी बाहेरून थोडे कॅल्शियम आत यावे लागते, आणि त्या थोड्या कॅल्शियममुळे साठ्याची दारे उघडून पुष्कळ कॅल्शियम बाहेर पडते. सिडनी रिंगर या ब्रिटिश डॉक्टरांना लंडनमध्ये १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे निराळ्या मार्गाने कळले. त्यांच्या मिठाच्या द्रावणात बेडकाचे हृदय छान धडधडत होते, पण ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलेले निघाले. शुद्ध पाणी वापरताच ठोके क्षीण होत थांबले आणि कॅल्शियम घालताच परतले. शरीरविज्ञानातल्या एका पायाभूत शोधाचे श्रेय असे नळाच्या पाण्याकडे जाते.

आता पेटक्याविषयी. हाडांच्या स्नायूतला विद्युत स्पंद काही मिलिसेकंदांत संपतो, तर त्यामुळे होणारे आकुंचन त्याच्या कितीतरी पट वेळ टिकते. साहजिकच पहिले आकुंचन ओसरण्याआधी दुसरा, तिसरा स्पंद येऊ शकतो आणि आकुंचने एकमेकांवर चढत जाऊन स्नायू आवळलेलाच राहतो. हृदयाच्या पेशीत बाहेरून कॅल्शियम येत राहत असल्याने स्पंद २०० ते ३०० मिलिसेकंद लांबतो, जवळजवळ आकुंचनाइतकाच. तेवढ्या काळात पेशी नव्या स्पंदाला जुमानत नाही. त्यामुळे ठोक्यावर ठोका चढत नाही आणि मधल्या वेळात हृदय रक्ताने भरू शकते. भरलेच नाही, तर आवळून उपयोग काय?

याच रचनेमुळे हृदयाला एक मर्यादाही येते. दंडाला अधिक जोर हवा असेल तर मज्जासंस्था अधिक पेशी कामाला लावते. हृदयाच्या पेशी एकमेकींशी विद्युतदृष्ट्या जोडलेल्या असल्याने प्रत्येक ठोक्याला सगळ्याच आकुंचन पावतात आणि राखीव पेशी उरत नाहीत. म्हणून जोर वाढवायचा तो प्रत्येक पेशीतच. शांत अवस्थेतल्या ठोक्यात ट्रोपोनिनच्या सगळ्या जागा कॅल्शियमने भरलेल्या नसतात, ही शिल्लक तिथे उपयोगी पडते. ॲड्रेनलिनच्या प्रभावाखाली बाहेरून अधिक कॅल्शियम आत येते, शिवाय साठ्याकडे ओढणाऱ्या पंपावरचा लगाम सैल होतो, त्यामुळे ठोका जोरदारही होतो आणि लवकर ओसरतोही. याखेरीज हृदय अधिक भरून त्याचे तंतू ताणले गेले, तर तेवढ्याच कॅल्शियममध्ये ते अधिक जोराने आकुंचन पावते.

प्रश्न : छातीत दुखल्यावर रक्तात ‘ट्रोपोनिन’ तपासतात, ते हेच का?

उत्तर : होय, हेच. ट्रोपोनिनचे सी, आय आणि टी असे तीन घटक असतात. कॅल्शियमला धरणारा सी घटक हृदयात आणि हाडांच्या मंद गतीच्या स्नायूंत एकसारखाच असल्याने तपासणीला निरुपयोगी ठरतो. आय आणि टी यांची हृदयातली रूपे मात्र वेगळी असतात, म्हणून त्यांपैकी एक मोजतात. हृदयाच्या पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात, पण त्यांचे प्रमाण वाढायला वेळ लागतो. पहिला अहवाल ठीक आला तरी डॉक्टर काही तासांत पुन्हा रक्त घेतात, ते याच कारणाने.