एचआयव्हीची लस इतकी अवघड का?

प्रश्न : गोवर आणि पोलिओच्या लसी कित्येक दशकांपूर्वी आल्या, कोविडची लस तर वर्षभरात तयार झाली. मग १९८३मध्ये शोध लागलेल्या एचआयव्हीवर अजून लस का नाही? या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडतात आणि त्यांवरूनच संसर्गाचे निदान होते. तर ती प्रतिपिंडे रुग्णाचे रक्षण का करत नाहीत?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध विषयाच्या गाभ्याला हात घालतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. तपासणीत सापडणारी प्रतिपिंडे खरीच असतात. मात्र त्यांतली बहुतेक विषाणूच्या अशा भागांना चिकटतात, की त्यामुळे त्याचा पेशीत शिरण्याचा मार्ग बंद होत नाही. पेशीत शिरण्यासाठी एचआयव्ही आपल्या पृष्ठभागावरील जीपी१२० आणि जीपी४१ या प्रथिनांच्या काट्यांचा उपयोग करतो. असे काटे एका विषाणूवर साधारण १४च असतात. जीपी१२०च्या वजनाचा जवळपास निम्मा भाग शर्करेचा असतो, आणि ही शर्करा आपल्याच पेशींनी चढवलेली असल्यामुळे प्रतिकारशक्तीला ती सहसा परकी वाटत नाही. पेशीवरील सीडी४ रेणूला पकडणारी जागा आत खोल दडलेली असते. सीसीआर५ या दुसऱ्या रेणूला पकडणारी जागा तर पहिली पकड बसल्यानंतरच उघडी पडते. बाहेर सहज हाती लागतात ते वारंवार बदलणारे भाग.

आणि हा बदल विलक्षण वेगाने होतो. आपल्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करताना झालेल्या चुका विषाणूचे विकर तपासत नाही. उपचार न घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होत असल्याने त्यांत प्रतिपिंडांना चुकवणारे काही निघतातच. एकाच रुग्णाचे रक्त ठरावीक अंतराने तपासले असता असे दिसले आहे, की आजची प्रतिपिंडे काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूला निष्प्रभ करतात, परंतु आज त्याच रक्तात असलेल्या विषाणूपुढे ती फारशी चालत नाहीत.

लसीच्या दृष्टीने याहून कठीण गोष्ट वेगळीच आहे. अनेक लसी संसर्ग पूर्णपणे रोखत नाहीत, फक्त आजार बळावू देत नाहीत, आणि तेवढे पुरते. एचआयव्ही मात्र संसर्गानंतर काही दिवसांतच सीडी४ पेशींच्या डीएनएमध्ये स्वतःची प्रत जोडतो. त्यांतल्या काही पेशी वर्षानुवर्षे सुप्त राहतात; त्या विषाणूची प्रथिने तयारच करत नसल्यामुळे प्रतिकारशक्तीला त्या ओळखता येत नाहीत. म्हणूनच औषधे थांबवली की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांत परत दिसू लागतो. त्यामुळे लसीला त्याला पहिल्याच टप्प्यावर अडवावे लागते.

आजवरच्या मोठ्या चाचण्यांमध्ये थायलंडमधील १६,००० हून अधिक लोकांच्या चाचणीत, २००९मध्ये, सुमारे ३१ टक्के संरक्षण दिसले; त्याच धर्तीवरील दक्षिण आफ्रिकेतील चाचणी परिणाम न दिसल्याने २०२०मध्ये थांबवावी लागली.

तरीही मला आशा वाटते, ती एका ठोस निरीक्षणामुळे. संसर्गानंतर काही वर्षांनी थोड्या लोकांमध्ये अनेक प्रकारच्या एचआयव्हीला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होतात. त्यांतली काही सीडी४ पकडणाऱ्या त्याच खोल जागेवर नेमकी बसतात, आणि ती जागा फार बदलली तर विषाणूलाच पेशीत शिरता येत नाही. अडचण अशी, की अशी प्रतिपिंडे घडवू शकणाऱ्या बी पेशी मुळातच विरळ असतात आणि त्यांना बदलांच्या अनेक पायऱ्या ओलांडाव्या लागतात. म्हणून आता एकच लस देण्याऐवजी, वेगवेगळ्या रचनेच्या मात्रांची मालिका देऊन या पेशींना टप्प्याटप्प्याने घडवण्याचा प्रयत्न सुरू आहे. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक चाचणीत लस घेतलेल्या ३६पैकी ३५ जणांमध्ये अशा आरंभीच्या पेशी जाग्या झाल्या. ही फक्त पहिली पायरी आहे. त्या पेशींना परिपक्व प्रतिपिंडांपर्यंत नेणाऱ्या पुढच्या मात्रा कोणत्या असाव्यात, यावर सध्या काम चालू आहे.

वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर या इंजेक्शनाला काही जण लस समजतात, पण ते औषध आहे. २०२४मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१००हून अधिक स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र ते प्रतिकारशक्तीला काही शिकवत नाही, त्यामुळे इंजेक्शन थांबले की संरक्षणही ओसरते.