पलिष्टी, पॅलेस्टाईन आणि याकोबाची कुस्ती

प्रश्न असा आला आहे : 'मराठी वर्तमानपत्रांत पॅलेस्टाईन, हिंदीत फिलिस्तीन आणि मराठी बायबलात पलिष्टी, हे तिन्ही एकच का? लिहावं कोणतं? आणि एकच असतील, तर आजचं भांडण दावीद-गल्याथच्या काळापासूनचं म्हणायचं का?'

(बायबलात इस्राएलचा दावीद ज्या धिप्पाड योद्ध्याला मारतो, तो गल्याथ पलिष्टी होता.) लिहिण्याचं आधी उरकतो. अरबीत 'प' नाही, म्हणून तिथे 'फ' आला, आणि उर्दूमार्गे हिंदीत फिलिस्तीन झालं. मराठीत शब्द इंग्रजीतून आला, रुळला, तो बदलायचं कारण नाही. देश पॅलेस्टाईन, माणसं पॅलेस्टिनी. 'पॅलेस्टाईन लोकांनी निदर्शनं केली' हे वाक्य वृत्तवाहिन्यांवर रोज ऐकावं लागतं. आपण 'जपान लोक' म्हणतो का?

पण माझा खरा संताप प्रश्नाच्या शेवटच्या भागावर आहे. 'हे तीन हजार वर्षांचं वैर आहे' असं एकजण म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. पलिष्टी हे समुद्रावरून आलेले लोक. इजिप्तमध्ये 'मेदिनेत हाबू' नावाच्या देवळात तिसऱ्या रामसेसने त्यांच्याशी केलेल्या लढाईची चित्रं कोरली आहेत, तिथे त्यांचं नाव 'पेलेसेत' असं वाचतात. काळ इ.स.पू. बाराव्या शतकाचा. गाझा, अश्कलोन, अश्दोद, एक्रोन आणि गथ ही त्यांची पाच शहरं. अश्कलोनच्या जुन्या दफनांतल्या हाडांचा जनुकीय अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुरुवातीच्या पलिष्ट्यांचं दक्षिण युरोपशी नातं दिसलं. इ.स.पू. ६०४ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने अश्कलोन जाळलं आणि त्यानंतर हे लोक वेगळे असे दिसेनासे झाले. ते अरब नव्हते, मुसलमान असण्याचा तर प्रश्नच नाही. आजच्या पॅलेस्टिनींना पलिष्टी म्हणणं म्हणजे नावातलं साम्य पाहून सोयरीक जुळवणं आहे. जमिनीवरून ज्यू आणि अरबांचा झगडा सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रशियातल्या अत्याचारांना कंटाळून १८८२ पासून ज्यू तिथे शेती करायला येऊ लागले तेव्हा. पुढे १९१७ चं बाल्फोर जाहीरपत्र, म्हणजे ज्यूंना तिथे राष्ट्रीय घर देण्याचं ब्रिटिशांचं आश्वासन, १९२९ ची हेब्रॉन शहरातली ज्यूंची कत्तल, १९३६ ते १९३९ चं अरबांचं बंड. हे सगळं आपल्या पणजोबांच्या हयातीतलं.

आता मला ज्यासाठी हे लिहावंसं वाटलं, ती गोष्ट. 'पॅलेस्टाईन' हे रूप ग्रीकांनी घडवलं. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस 'पालाइस्तिने' लिहितो. ग्रीकमध्ये 'पालाइस्तेस' म्हणजे कुस्ती खेळणारा, पैलवान. कुस्तीच्या आखाड्याला ते 'पालाइस्त्रा' म्हणत. आणि 'इस्राएल' या नावाची बायबलातली कथा कोणती? ज्यूंचा मूळपुरुष याकोब याब्बोक नदीच्या काठी रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झोंबतो. जांघेचा सांधा निखळतो तरी सोडत नाही. पहाटे तो पुरुष त्याला नवं नाव देतो : इस्राएल, देवाशी झुंजलेला. ही कथा बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातली. त्याचं पुढे अलेक्झांड्रियात ग्रीक भाषांतर झालं, तेव्हा या झोंबीसाठी क्रियापद वापरलं गेलं 'एपालाइएन'. धातू तोच, पैलवानाचा!

म्हणजे पालाइस्तिने हा पलिष्ट्यांच्या नावाचा आवाज आणि इस्राएलचा अर्थ, दोन्ही पोटात घेतलेला शब्द ठरतो. डेव्हिड जेकबसन या अभ्यासकांनी १९९९ साली हा विचार सविस्तर मांडला, आणि मला तो पुरेपूर पटतो. त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच ग्रीक भाषांतरातला आहे. तिथे पलिष्ट्यांना 'फुलिस्तीइम' म्हटलं आहे, कित्येक ठिकाणी नुसतं 'परके'. त्यांचा देश म्हणजेच पालाइस्तिने असं त्या ज्यू भाषांतरकारांना वाटत असतं, तर तयार शब्द सोडून त्यांनी हा खटाटोप का केला असता? शिवाय हेरोडोटस सांगतो की पालाइस्तिनेतले सिरियन सुंता करतात. बायबलात 'बेसुंती' ही तर पलिष्ट्यांना हासडायची शिवी आहे. मग हेरोडोटसचे हे लोक ज्यूच असणार.

बरेच भाषापंडित हे झिडकारतात. असिरियन लेखांत पलश्तू असं रूप आधीच आहे, ग्रीकांनी ते उचललं, संपलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा जोसेफसचा दाखला वजनदार आहे : हा ज्यू इतिहासकार पलिष्ट्यांना सरळ पालाइस्तिनोई म्हणतो. पण तो हेरोडोटसनंतर पाचशे वर्षांनी लिहीत होता. आणि ध्वनी कुठून आला एवढं सांगून शब्दाची कथा संपते, हे मला मुळीच मान्य नाही. परक्या नावात आपल्या भाषेतला अर्थ ऐकणं सगळीच माणसं करतात, ग्रीक तर हौसेने करत. इ.स.पू. सातव्या शतकापासून त्या किनाऱ्यावर त्यांची ये-जा होती. शेजाऱ्यांच्या मूळपुरुषाची कुस्ती त्यांच्या कानावर गेलीच नसेल, असं का धरून चालायचं?

'तीन हजार वर्षांच्या वैरा'इतकंच चुकीचं दुसरं एक विधान अभ्यासक म्हणवणारेही करतात : 'हे नाव ज्यूंना हिणवायला रोमन सम्राट हाद्रियानने शोधून काढलं.' रोमनांविरुद्धचं ज्यूंचं बार कोखबाचं बंड इ.स. १३५ मध्ये चिरडल्यावर यहुदिया प्रांताचं नाव सिरिया पालेस्तिना झालं, हे खरं. जेरुसलेममध्ये ज्यूंना पाऊल टाकायची बंदी झाली, हेही खरं. पण नाव तेव्हा जवळजवळ सहाशे वर्षं चालू होतं. ज्यात माणूस बुडत नाही त्या तळ्याबद्दल लिहिताना अ‍ॅरिस्टॉटल पालाइस्तिनेच म्हणतो. अलेक्झांड्रियाचा फिलो धर्मनिष्ठ ज्यू, तोही हाद्रियानच्या शंभर वर्षं आधी हेच नाव वापरतो. हाद्रियानने ते का निवडलं हे सांगणारा त्या काळचा मजकूर हाती नाही, तरी हेतू मात्र सगळ्यांना पाठ!

विसाव्या शतकात या नावावर ज्यू आणि अरब दोघांचाही हात होता, हे आज कोणी लक्षात ठेवत नाही. याफा शहरात १९११ साली 'फलस्तीन' हे अरबी वृत्तपत्र निघालं, काढणारे इसा अल-इसा ख्रिस्ती. जेरुसलेममध्ये १९३२ साली ज्यूंनी इंग्रजी दैनिक काढलं, त्याचं नाव 'पॅलेस्टाईन पोस्ट', ते १९५० मध्ये 'जेरुसलेम पोस्ट' झालं. ब्रिटिश राजवटीचं १९२७ चं दहा मिल्सचं नाणं पाहा, मध्ये भोक असलेलं. देशाचं नाव इंग्रजी, अरबी आणि हिब्रू अशा तीन लिप्यांत आहे. हिब्रूत मात्र 'पलेश्तिना'पुढे कंसात आलेफ आणि योद ही दोनच अक्षरं जास्त आहेत : एरेत्स इस्राएल, म्हणजे इस्राएलची भूमी, याची आद्याक्षरं. अरबांना ती दोन अक्षरं म्हणजे आपल्या देशावर मागल्या दाराने टाकलेला हक्क वाटली. ज्यूंना पूर्ण नाव न देता दोन अक्षरांवर बोळवण केल्याचा राग आला. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले, इस्राएल हे राज्याचं नाव झालं, आणि मग 'पॅलेस्टिनी' म्हणजे फक्त अरब हा अर्थ पक्का होत गेला. त्याआधी ब्रिटिश कायद्याने तिथला ज्यूही पॅलेस्टिनी नागरिकच होता.

आपल्याकडे 'इस्राएल' हे देशाचं नाव होण्याआधीपासून माणसांचं नाव आहे. पेण-रोह्याकडे तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले ज्यू स्वतःला बेने इस्राएल म्हणत आले. त्यांच्यातले पुष्कळ १९४८ नंतर तिकडे गेले, आणि बरेचजण ज्या अश्दोदमध्ये स्थायिक झाले, ते पलिष्ट्यांच्या पाच शहरांपैकी एकाचं नाव. अरबीत तेच नाव 'इसदूद' असं टिकलं होतं. त्या नावाचं गाव १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये ओस पडलं, तिथले अरब गाझाकडे गेले. नवं अश्दोद १९५६ साली तिथून काही किलोमीटरवर वसलं, आणि तिथल्या काही घरांतून आजही मराठी बोलली जाते.