लिनक्स ड्रायव्हरसोबतचं डिव्हाइस ट्री बाइंडिंग पाठवण्याआधी कसं तपासावं?

ड्रायव्हर चालतो, ‘मेक डीटी_बाइंडिंग_चेक’ एकही चूक दाखवत नाही, तरी आय२सी (दोन तारांच्या जोडणीची) पॉवर मॉनिटर चिपचं बाइंडिंग कर्नलच्या तपासनिसांकडून परत का आलं, हा तुमचा प्रश्न. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन, आणि बाइंडिंग म्हणजे एखाद्या चिपचं वर्णन त्यात कसं लिहायचं याचे नियम. ती आज्ञा यामल फाइलची मांडणी तपासते. लिहिलेलं खरं आहे का, हे तिला कळत नाही. त्यासाठी शेजारी ड्रायव्हरचा कोड नको, चिपची डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) उघडा. डिव्हाइस ट्री यू-बूट हा बूटलोडर आणि फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिमही वाचतात. म्हणून प्रत्येक प्रॉपर्टीबाबत (वर्णनातल्या नोंदीबाबत) विचारा: लिनक्स नसतं तरी ही गोष्ट बोर्डावर असती का?

विद्युतप्रवाह मोजण्यासाठी लावलेला शंट रेझिस्टर असता. तो बोर्डागणिक बदलतो आणि चिपला स्वतःहून कळत नाही, त्यामुळे तो बाइंडिंगमध्ये हवाच. एकक नावातच येऊ द्या: ‘शंट-रेझिस्टर-मायक्रो-ओह्म्स’, १० मिलीओह्मसाठी १००००. नुसतं ‘शंट’ लिहिलं तर १० म्हणजे काय, हे प्रत्येक जण आपापलं ठरवेल. आणि दशांश अपूर्णांक डिव्हाइस ट्रीत लिहिताच येत नाहीत. किती नमुन्यांची सरासरी घ्यायची, किती मिलिसेकंदांनी वाचायचं, हा मात्र वापरणाऱ्याचा निर्णय. त्याची जागा सिसएफएसमध्ये, म्हणजे चालू कर्नलच्या सेटिंग्ज बदलता येतात त्या फाइलींमध्ये. परत आलेल्या बाइंडिंगमध्ये असलं काहीतरी हमखास सापडतं.

‘कंपॅटिबल’मध्ये, म्हणजे ड्रायव्हर ज्यावरून चिप ओळखतो त्या प्रॉपर्टीत, ‘२२xx’ असं सरसकट नाव चालत नाही. उद्या त्याच मालिकेत वेगळ्या रजिस्टरांची चिप आली की ते नाव खोटं ठरतं. नेमका क्रमांक द्या. नवी चिप जुन्या ड्रायव्हरवर बदल न करता चालत असेल तर नवं नाव आधी आणि जुनं फॉलबॅक (पर्यायी नाव) म्हणून त्यामागे. इथे बरेच जण दोन्ही नावं एकाच ‘एनम’मध्ये, म्हणजे यांपैकी एकच चालेल अशा यादीत, टाकतात. मग दोन नावांची जोडी लिहिलेला बोर्ड तपासणीत नापास होतो. जोडीसाठी ‘वनऑफ’खाली (पर्यायांपैकी एक) ‘आयटम्स’ची (क्रमवार यादीची) वेगळी फांदी लागते.

रीसेट पिन असेल तर सगळ्यात जास्त वेळ तिच्यावर घालवा. डेटाशीटमध्ये पिन ॲक्टिव्ह-लो (कमी व्होल्टेजवर सक्रिय) असेल तर बाइंडिंगच्या उदाहरणातही ‘जीपीआयओ_ॲक्टिव्ह_लो’ हवं, आणि ड्रायव्हरने रीसेट लावताना १ लिहायला हवा, कारण कर्नलची पिन हाताळणारी जीपीआयओ-डी फंक्शनं तार्किक किंमत (१ म्हणजे सक्रिय) घेतात. उदाहरणात ॲक्टिव्ह-हाय आणि ड्रायव्हरमध्ये ० असं दोन्हीकडे उलटं लिहिलं तर चुका एकमेकींना झाकतात आणि बोर्ड मजेत चालतो! मग तेच उदाहरण दहा बोर्डांत उतरतं. नंतर ड्रायव्हर सुधारला तर जुन्या डीटीबीवरचे (कंपाइल केलेल्या डिव्हाइस ट्रीवरचे) बोर्ड बंद पडतात, आणि नव्या कर्नलवर जुना डीटीबी चालायलाच हवा.

‘रिक्वायर्ड’ (अनिवार्य प्रॉपर्टींच्या) यादीलाही तेच लागू. त्यात नंतर भर घातली की जुने बोर्ड चुकीचे ठरतात. वीजपुरवठ्याशिवाय चिप चालत नाही, म्हणून ‘व्हीएस-सप्लाय’ पहिल्याच पॅचमध्ये (पाठवायच्या बदलात) टाका. अलर्ट पिन काही बोर्डांवर जोडलेलीच नसते, म्हणून ‘इंटरप्ट्स’ ऐच्छिक ठेवा.

फाइलच्या शेवटी ‘ॲडिशनलप्रॉपर्टीज: फॉल्स’ लिहिलं नाही तर ‘इंटरप्टस’सारखी स्पेलिंगची चूक मुकाट्याने पास होते. पण तुम्ही वर ‘एचडब्ल्यूमॉन-कॉमन’ या सेन्सर चिपांच्या सामायिक फाइलचा संदर्भ घेतला असेल तर ‘अनइव्हॅल्युएटेडप्रॉपर्टीज: फॉल्स’ वापरा, नाहीतर तिथून आलेल्या प्रॉपर्टीज नाकारल्या जातील.

उदाहरणातल्या नोडचं (चिपच्या नोंदीचं) नाव चिपचं नको, कामाचं हवं: ‘पॉवर-सेन्सर@४०’, आणि @ नंतरचा पत्ता ‘रेग’शी (पत्त्याच्या प्रॉपर्टीशी) जुळणारा. ‘कंपॅटिबल’मधला कंपनीचा प्रीफिक्स नवा असेल तर ‘व्हेंडर-प्रीफिक्सेस’ फाइलमध्ये त्याची नोंद करणारा स्वतंत्र पॅच करा. पॅचच्या मालिकेत तो पहिला, मग बाइंडिंग, शेवटी ड्रायव्हर.