दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरी शहरात बघण्यासारखं काही आहे का, की थेट गणपतीपुळ्याला जावं?

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पोहोचताय, दोन मुलं बरोबर आहेत, दोन रात्री हातात आहेत आणि 'शहरात तसं काही नाही' असं ऐकलंय, असं तुम्ही लिहिलंय. कुणी सांगितलं माहीत नाही, पण हेच वाक्य मी माझ्या घरात बरीच वर्षं ऐकत आलोय. म्हणून लिहितो.

आहे. दोन दिवसांत संपणार नाही एवढं आहे. फक्त चतुर्दशीची सकाळ गाडीत घालवू नका.

आमची ताई पुण्याला दिलीय. भावोजी माणूस चांगला, ताईला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण सासुरवाडीला आले की दुसऱ्या दिवशी कुठे निघायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं. एका दिवाळीला ते दोन गाड्या घेऊन आले, बरोबर त्यांच्या मित्राचं कुटुंब. आईने आठवडाभर आधीपासून तयारी लावली होती. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात कापून झालेलं असतं, गावाहून नव्या भाताचे पोहे आलेले असतात. आमच्याकडे चतुर्दशीला लाडू-चकलीचा मान दुसरा, पहिला पोह्यांचा. गूळ-खोबऱ्याचे, दुधातले, दह्यातले, चिंचेचा कोळ आणि नारळाचं दूध घातलेले कोळाचे, दडपे, आणि जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ. एवढं सगळं एकटी आई पहाटे तीनला उठून करते. कुणाला हात लावू देत नाही.

भावोजींनी साडेपाचला सगळ्यांना गाडीत बसवलं. सातच्या आत गणपतीपुळ्याच्या रांगेत लागायचं होतं. अंघोळी कशाबशा उरकल्या, उटणं कुणी लावलं, कुणी नाही. आई म्हणाली, "दोन घास खाऊन जा." तर म्हणाले, "वाटेत काहीतरी खाऊ हो, उशीर होतो." मांडलेली पानं तशीच राहिली.

एकटी भाची मागे राहिली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आदल्या रात्री मी तिला कारीट, म्हणजे ते छोटं कडू रानफळ, आणून दाखवलं होतं, सकाळी हे पायाने फोडायचं म्हणून सांगितलं होतं, आणि ते फोडल्याशिवाय गाडीत बसायला ती तयारच होईना. शेवटी ताई म्हणाली, राहू दे तिला.

तिचा तो दिवस मी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तुळशीपुढे पणती लावली, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट धरलं आणि 'गोविंदा गोविंदा' ओरडत फोडलं. त्याचा रस कपाळाला लावला, जिभेला लावला. कडूजहर! तोंड वेडंवाकडं करून ती खळखळून हसली आणि दुसरं कारीट मागायला लागली. मग पोहे. नंतर आळीतल्या घरांत. आमच्या आळीत त्या सकाळी कुणी आपल्याच घरात खाऊन थांबत नाही, या घरातून त्या घरात पोहे चालूच असतात. एका काकींकडे तिने काळ्या वाटाण्याची उसळ तीनदा मागून घेतली, पुण्यात ती कडधान्याला शिवतसुद्धा नव्हती. दुपारी झोप. चार वाजता थिबा राजवाडा, तिथून थिबा पॉइंट, आणि दिवे लागायच्या वेळी मांडवीचा किनारा. जेट्टीवर बसून आम्ही भेळ खाल्ली आणि ती मला थिबा राजाबद्दल प्रश्न विचारत राहिली. 1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या या राजाचं राज्य घेतलं आणि त्याला बायका-मुलींसकट इतक्या लांब रत्नागिरीत आणून ठेवलं. लोक ज्या राजवाड्यापुढे फोटो काढून दहा मिनिटांत निघतात, तो तयार झाला 1910-11 च्या सुमाराला, म्हणजे त्याच्या वाट्याला तो जेमतेम पाच-सहा वर्षं आला. 1916 साली तो इथेच वारला. "मग त्याला घरी का नाही सोडलं?" असं तिने विचारलं. नऊ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडतो, तो जागेवर निवांत बसलं की पडतो. यादीतली ठिकाणं उरकत गेलं की पडत नाही.

बाकीची मंडळी रात्री नऊला परतली. पुळ्याला जाणाऱ्या आरे-वारेच्या अरुंद किनारी रस्त्यावर गाड्यांची रांग, देवळात रांग, जेवायला रांग, मुलं रडकुंडीला आलेली. आणि जेवताना भावोजी काय म्हणाले? "रत्नागिरीचं काय, दोन तासांत होते. पॅलेस, भगवती, मांडवी. बाकी आहे काय?"

ते जावई, दिवाळीचा दिवस, त्यात आईने माझ्याकडे एकदा बघितलं. मी गप्प बसलो. तेव्हा जे बोललो नाही ते आता बोलतो.

रत्नागिरी दोन तासांत होत नाही, भावोजी. भगवतीच्या किल्ल्यावर, म्हणजे रत्नदुर्गावर, तीन बाजूंनी समुद्र आहे. तिथे देवीला हात जोडून तटावर तासभर बसायचं असतं. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. पतितपावन मंदिर 1931 साली उभं राहिलं, सर्व जातींच्या लोकांनी एकत्र पूजा करावी म्हणून. सावरकर तेव्हा इथे स्थानबद्ध होते आणि पैसा घातला भागोजीशेठ कीरांनी, रत्नागिरीच्याच गरीब घरातून वर आलेल्या माणसाने. त्या काळात एका छोट्या गावाने हे केलं, हे मुलांना त्या मंदिराच्या पायरीवर बसवून सांगा. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रामआळीतून चालत जा. गाडीतून नाही, चालत. पेढीवर वह्यांची पूजा चाललेली असते, ओळख असो-नसो, मुलांच्या हातावर बत्तासे पडतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर राहा शहरातच. पोहोचाल त्या संध्याकाळी बाजारात टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून कारीट घ्या. उतराल तिथल्या मालकांना विचारा, सकाळी तुमच्या तुळशीपुढे फोडू का? रत्नागिरीचा माणूस नाही म्हणणार नाही, उलट पोह्यांना बसवेल. हॉटेलात त्या दिवशी कांदेपोहेच मिळतात. चतुर्दशीचे पोहे हवे असतील तर घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा. दिवाळीत उन्हं कडक असतात, बारा ते चार मुलांना घेऊन फिरू नका. आणि हापूस मागू नका, तेव्हा झाडाला मोहरही नसतो. आंबापोळी, फणसपोळी, कोकम घेऊन जा.

ज्यांचं सासर किंवा आजोळ इथे आहे अशांनाही सांगतो, कारण असा प्रश्न विचारणारे बरेचसे तेच असतात. घर म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा नव्हे. तुमच्यासाठी कुणीतरी पहाटे तीनला उठलेलं असतं. देव पुळ्याला दुसऱ्या दिवशीही असतो, तिसऱ्या दिवशीही असतो. पाच प्रकारचे पोहे वर्षातून एका सकाळी असतात, आणि ते करणारी बाई पुढच्या वर्षी एक वर्षाने म्हातारी झालेली असते. ताईने हे ओळखलं. भावोजींनी अजून नाही. वाचलंच तर वाचू देत.

पुळ्याला जाऊच नका असं मात्र मी म्हणत नाही. आम्हीही जातो, गणपती आमचाही आहे. फक्त चतुर्दशी आणि पाडवा सोडा, पहाटे निघा, दर्शन झाल्यावर डोंगराची प्रदक्षिणा करा आणि तिथून जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघा. समुद्रात मुलांना गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, तिथलं पाणी फसवं आहे, दरवर्षी कुणी ना कुणी वाहून जातं. स्थानिक माणूस आत जाऊ नका म्हणाला तर वाद घालू नका. परतीचा पाऊसही कधीकधी दिवाळीपर्यंत रेंगाळतो, छत्री असू द्या.

रेल्वेने येणार असाल तर आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, दिवाळीच्या तारखांचं लगेच संपतं. आणि सुट्टी थोडी पुढे सरकवता येत असेल, तर पाडव्यानंतर दहा दिवसांनी येणाऱ्या कार्तिकी एकादशीला या. विठ्ठल मंदिराची जत्रा असते, आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटतात. त्या दिवशी गाडी मात्र मारुती मंदिराच्या बाजूलाच कुठेतरी लावा आणि खाली बाजारात रिक्षाने उतरा.